उतरता हात

बानाबाईच्या घरात तीस वर्षं एक खटला चालू होता. आरोपी एकच, तिची सून सरूबाई. गुन्हाही एकच. सरूचा हात उतरता.

आता उतरता हात म्हणजे काय, हे ज्यानं जन्मात घोंगडीला खळ लावली नाही त्याला सांगावंच लागेल. चिंचोके भाजायचे, त्यांची टरफलं काढायची, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि पाण्यात रटरटा शिजवायचे, की झाली खळ. ती कुंच्यानं घोंगडीवर चोपडली आणि कडक उन्हात वाळवली की घोंगडी अशी ताठते, की भिंतीला टेकवली तर पाहुण्यासारखी उभी राहते. पण खळ लागली पाहिजे एकसारखी. या काठापासून त्या काठापर्यंत अंगठा फिरवला तर कुठं कमीजास्त कळता कामा नये. बानाबाईची खळ तशी होती. बिडकीनच्या बाजारात गिऱ्हाईक घोंगडी उलगडायच्या आधी विचारायचं, "बानाबाईच्या हातची का?" व्हय म्हटलं की पुढं काही बोलायचं नाही.

आणि सरूची? पहिल्या काठाला फळी, मधी पुठ्ठा, आणि शेवटच्या काठाला धुतलेलं फडकं. बानाबाईनं ओरडून पाहिलं, टोमणे मारून पाहिलं, शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोर अंगठा फिरवून दाखवला. सरू मान खाली घालून म्हणायची, "आता नीट लावते, आत्याबाई." आणि पुढची घोंगडी पुन्हा तशीच. "सुंभ जळंल पण पीळ जायचा नाय," असं म्हणून बानाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

मग बिडकीनकडची चराऊ रानं कारखान्यांच्या कुंपणात गेली. त्यातच दोन उन्हाळे ओळीनं कोरडे गेले, मेंढरं विकावी लागली, आणि बानाबाईचा मुलगा त्रिंबक सगळ्यांना घेऊन संभाजीनगरच्या पैठण रोडवर एका नव्या वसाहतीत राहायला आला. ज्या रानात त्यानं मेंढरं चारली, त्याच रानात आता एका कंपनीच्या गेटवर उभा राहून तो लोकांच्या पिशव्या तपासतो. माग गेला, पाटा गच्चीवर गेला, पण खटला काही गेला नाही. फरशी पुसताना सरूचं फडकं दाराशी ओलं आणि खिडकीशी कोरडं. पोळीला तेल एका बाजूला चमकणार, दुसऱ्या बाजूला नुसता वास. "बगा," बानाबाई म्हणायची. घरात कुणी नसलं तर भिंतीला म्हणायची.

या घरात त्रिंबकची मुलगी सुकेशनी शिकली, आणि शिकत शिकत इतकी पुढं गेली की ती काय शिकते ते घरात कुणाला धड सांगता येईना. ती इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. बानाबाई वसाहतीत सांगायची, "आमची पोरगी थरथरीचं शिकती." आणि तिचं काही चुकत नव्हतं. मशीन, पूल, टँकर, जे जे म्हणून हलतं ते थरथरतं, आणि ती थरथर फुकट जाते. ती सगळी एका जागी गोळा करायची, तिथं नाण्याएवढी चकती चिकटवायची, चकती हलली की वीज होते आणि तिच्यावर एक बारका लाल दिवा लागतो. हे साधावं म्हणून सुकेशनीनं दीड हाताची एक पट्टी केली होती. लोकर आपल्याच देशी मेंढरांची, जाडीभरडी, जिला हल्ली बाजारात कुत्रं हुंगत नाही. तिच्यात जिरवलेलं रेझिन, म्हणजे वाळल्यावर दगड होणारा एक चिकट रस. कॉलेजच्या मशीननं ते सात आठवडे थर देऊन चढवलं होतं.

हे सगळं बानाबाईनं एकदा नीट ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "एका दिव्यासाठी एवढं? बटन हाय की."

सोमवारचं महत्त्व मात्र तिला कळलं होतं. सोमवारी बाहेरगावच्या परीक्षक येणार होत्या. याआधी दोन पट्ट्या दाखवून झाल्या, दोन्ही वेळा दिवा लागला नव्हता. तिसऱ्यांदा लागला तर सुकेशनी डॉक्टर होण्याच्या वाटेला लागणार. नाही लागला तर विषय बंद, पाच वर्षांचं काम पाण्यात, असं समितीनं कागदावर लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून बानाबाईनं खंडोबाला तीन वेळा आठवण करून दिली होती, आणि तिसऱ्या वेळी जरा दमातच घेतलं होतं.

कॉलेजच्या पाण्याच्या टाक्या आटल्या म्हणून शनिवार-रविवार सगळी इमारतच बंद ठेवणार होते. म्हणून सुकेशनीनं पट्टी मऊ फडक्यात गुंडाळून घरी आणली. चकती डकवायची आणि तारा जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तार आणायला ती रिक्षानं औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली. जाताना म्हणाली, "याला कुणी हात लावू नका."

बानाबाईच्या हिशेबानं "कुणी" म्हणजे सरू.

पोरगी गल्लीच्या तोंडाशी गेली नसेल, तोवर बानाबाईनं फडकं बाजूला केलं होतं. नातीनं केलेली वस्तू आजीनं बघायची नाही तर कुणी? अंगठा काठावर ठेवला. फळी. वा! अंगठा पुढं सरकला. पुठ्ठा. आणखी पुढं सरकला आणि तिथंच थबकला. शेवटचा वीतभर भाग पार लुसलुशीत, नुसती लोकर!

"अगं माझ्या कर्मा," ती पलंगावर टेकली. "आईचा हात लेकीत उतरला!"

दिवा दोनदा का लागला नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. शिकल्यासवरल्या साहेबांना एवढं कळलं नाही, कारण त्यांनी अंगठा फिरवला नाही. आणि आता सोमवारी बाहेरगावची बाई येणार, ती अंगठा फिरवणार, आणि बानाबाईच्या नातीची खळ शेवटाला पोचत नाही म्हणून चार लोकांत सांगणार. नाही बाबा. बानाबाई जिती असताना तरी नाही.

चिंचोक्यांचा डबा माळ्यावर होता. उरलीसुरली सवय म्हणून ती दरसाल भरून ठेवायची. तासाभरात पातेल्यात खळ रटरटत होती आणि बानाबाई गच्चीवर मांडी ठोकून बसली होती, कुंचा हातात, पट्टी समोर. इतक्यात सरू टँकरवरून दोन घागरी घेऊन वर आली. वसाहतीत टँकर आठ दिवसांनी यायचा, आणि तो आला की बायका नवऱ्याला ओळखत नसत. सरूनं घागरी उतरवल्या आणि समोरचं बघून ती जागीच थबकली.

"आत्याबाई, पोरीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तुझाच हात हाय तिचा. झाकून ठेवायचा का नीट करायचा?"

सरू घागरी सावलीला सरकवायला वळली. बानाबाईनं शेवटचा काठ असा भरला, असा भरला, की मेच्या उन्हात तो अर्ध्या तासात टणक झाला. मग तिनं डोळे मिटून या काठापासून त्या काठापर्यंत अंगठा फिरवला. कुठं म्हणून फरक नाही. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सुकेशनी तार घेऊन परत आली ती गाणं गुणगुणत. तिनं पट्टी उचलली आणि तिचं गाणं बंद झालं. शेवटच्या काठावर तिनं एकदा टिचकी मारली, दोनदा मारली.

"आजी, हे काय?"

"नीट केलं. आता कुणाच्या बापाची हिंमत नाय नाव ठेवायची."

सुकेशनी मटकन खाली बसली. आधी तिला रडूही फुटेना. मग फुटलं ते असं, की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन विचारून गेली, कोण गेलं म्हणून. सरू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बानाबाई मात्र बावचळून गेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढं तिला समजलं. पण गणपतीची सोंड कुठं बिघडली ते समजेना.

"अगं पण झालं काय, सांगशील का न्हाई?"

"आजी, ते मऊच ठेवायचं होतं!" सुकेशनी हुंदके देत सांगू लागली. "थरथर कडक भागातून पळत येते. मग जरा मऊ लागतं, ती हळू होते. आणखी मऊ, आणखी हळू. मागून येणारी पुढच्या थरथरीवर येऊन आदळते. असं करत करत सगळी त्या शेवटच्या मऊ टोकाला गच्च गोळा होते. चकती तिथंच लावायची होती."

बानाबाईनं पट्टीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी मेंढरावानी."

"काय?"

"सडकंवरनं मेंढरं पळत्यात. म्होरं नदीची वाळू लागली की पुढच्यांचं पाय रुतत्यात, मागची त्यांच्या अंगावर चढत्यात, अन् समदा कळप एका जागी दाटतो."

सुकेशनीनं डोळे पुसले. "हो. तसंच."

"पर वाळू हळूहळू लागाय पायजेल. सडक संपली अन् एकदम डोह आला, तर मेंढरू शिरत नाय. माघारी फिरतं."

"आजी, हेच! एकदम मऊ केलं तर थरथर माघारी फिरते. म्हणून तर मशीननं सात आठवडे उतार दिला." सुकेशनी तिच्याकडं बघतच राहिली. "मी हे पाच वर्षं इंग्रजीत लिहितेय."

बानाबाईला समजल्याचा आनंद झाला, आणि तो आनंद संपायच्या आत पुढचंही समजलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी मी वाळूवर सडक बांधली," ती म्हणाली.

बानाबाईला लाज वाटली. नवरा वारला तेव्हासुद्धा चार लोकांत डोळ्याला पदर न लावलेली बाई ती, पण आज पोरीचा चेहरा बघून तिला भडभडून आलं, आणि ते लपवायला ती पाटा धुवायला उठली. पाटा धुतलेलाच होता.

संध्याकाळी त्रिंबक ड्युटीवरून आला. घरातलं सुतक बघून त्यानं सगळं ऐकून घेतलं. पट्टी हातात घेऊन आईनं भरलेल्या भागावर बोटानं वाजवून पाहिलं. "हे तर तुझ्या रसाइतकंच कडक झालंय की गं."

सुकेशनीनंही वाजवून पाहिलं. मग थरथर कुठं साठते ते बघायला तिनं ती पट्टी मिक्सरला टेकवून मिक्सर चालू केला आणि वर ज्वारीचे दाणे टाकले. सगळीकडं दाणे सारखेच, जराजरा हलत होते. शेवटच्या काठावर काही विशेष नाही. म्हणजे दिवा नाही. भिजवून खळ काढावी तर लोकर आटून मशीननं दिलेला उतारच बिघडायचा. पण ती विचारात पडली. "रेझिन कॉलेजात आहे आणि कॉलेजला कुलूप. पण खळ घरात आहे. लोकर असेल तर... नवीन पट्टी खळीचीच केली तर?"

"लोकर हाय," बानाबाई झटकन म्हणाली. ट्रंकेतून तिनं शेवटची घोंगडी काढली. विणून ठेवलेली, खळ न लावलेली, सुकेशनीच्या लग्नात द्यायची म्हणून जपलेली. सरू म्हणाली, "आत्याबाई, ती तर लग्नाची!" "लग्न कुणाचं? हिचंच ना? मंग हिचंच आधी बघू," असं म्हणत बानाबाईनं कात्री चालवली. दीड हाताचे तीन तुकडे निघाले. बाकीची उसवून गेली.

"फक्त उतार यायला पाहिजे," सुकेशनी म्हणाली. "पहिल्या काठाला भरपूर, मग थोडी थोडी कमी, शेवटाला जवळजवळ काहीच नाही. मशीन नाही, हातानं कसं जमेल कोण जाणे."

त्रिंबकनं आईकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. आपला त्रिंबक तसा भोळा माणूस, त्याच्या मनात आलं ते त्यानं बोलून टाकलं. "माय, अशी तर सरूच लावती की."

बानाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पिशवी तपासायला दिल्यासारखा गप्प झाला.

"लग्नाची घोंगडी फाडली ती काय नासायला देऊ? मी लावते. चाळीस वर्सं खळ लावली, कमी लावायला काय अक्कल लागती?"

लागते! रविवारी सकाळी बानाबाई पहिला तुकडा घेऊन बसली आणि तिला कळून चुकलं की लागते. तिनं मनाशी ठरवलं, कमी कमी करत जायचं. कुंचा बुडवला, लावला, सरकली. वाळल्यावर सुकेशनीनं मिक्सर चालू केला, दाणे टाकले. दाणे सगळीकडं सारखे. बानाबाईचा हात तिच्या नकळत जिथं कमी पडेल तिथं मागं जाऊन भरून आला होता. चाळीस वर्षांचा हात तो, मालकिणीचं ऐकतो थोडाच!

दुसऱ्या तुकड्याला ती इरेला पेटली. अर्धी पट्टी चोपडली आणि कुंचा बादलीत फेकून हात मागं बांधून बसली. "घ्या. आता कसा जातो बघते." वाळल्यावर अर्धी फळी आणि अर्धं फडकं, मधी एकदम कड. दाणे फळीवरच उडत राहिले, फडक्यावरचे जागचे हलेनात. "डोह," बानाबाई स्वतःच म्हणाली. "समदी माघारी फिरली."

आता एकच तुकडा उरला. आणि पाणी? दोन पातेली खळ, कुंचे धुणं, हात धुणं, यात टँकरचं पाणी खलास झालं होतं. पुढचा टँकर पुढच्या शनिवारी. घरात प्यायची एक कळशी होती, तीही अर्धी. सुकेशनी गच्चीच्या कठड्याला टेकून बसली होती आणि तिच्याकडं बघवत नव्हतं.

बानाबाई उठली. गच्चीवरून खाली स्वयंपाकघरापर्यंत तेरा पायऱ्या. त्या उतरायला तिला आयुष्यात एवढा वेळ लागला नव्हता. सरू कणीक मळत होती.

"सरू."

"काय, आत्याबाई?"

"वर चल. खळ लाव."

सरूचा हात कणकेत तसाच राहिला. "आज नगं आत्याबाई. पोरगी रडतीया, आज तरी मला बोलू नगा."

"बोलत नाय. खरंच लाव म्हनते. तुझी नेहमीची. तशी."

"कशी?"

"आता तोंडानं सांगू का? चुकीची!"

सरू गोंधळली. "चुकीची कशी लावू? मी तर दर वक्ताला नीटच लावते."

बानाबाईनं तिच्यापुढची परात ओढून घेतली आणि जिन्याकडं बोट दाखवलं.

अर्ध्या कळशीतलं पाणी घालून वाटीभर खळ झाली. सरू तुकड्यापुढं बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय. आज अगदी एकसारखी लावते."

"एकसारखी लावशील तर बघ!" बानाबाई एवढ्यांदा ओरडली की शेजारच्या गच्चीवरची बाई पापड घेऊन आत पळाली. "आजवर कधी लावली नाय, अन् आजच तुला सुचतंय?"

"मम्मी, तू काही विचार करू नकोस," सुकेशनी मध्ये पडली. "तुला लावता येते तशी लाव. एवढीच खळ आहे, आणि या टोकापर्यंत पोचायची आहे. बस्स."

सरूनं वाटीत डोकावून पाहिलं. पहिला हात भरभक्कम मारला. पुन्हा वाटीत पाहिलं. दुसरा हात जरा हलका. पुन्हा वाटी. असं करत करत ती पुढं सरकत गेली, आणि दर वेळी कुंचा बुडवायच्या आधी तिची नजर वाटीच्या तळाशी जाऊन यायची. शेवटच्या वितीला तिनं कुंचा नुसता झटकला, पुसल्यासारखा फिरवला, आणि टोकाला पोचली तेव्हा वाटी लखलखीत रिकामी होती.

बानाबाई तीस वर्षं घोंगडीकडं बघत आली होती. सून कुठं बघते, हे तिनं आज पाहिलं. काहीतरी तिच्या मनाला टोचलं, पण काय ते तिला नीट उमगलं नाही, आणि खरं सांगायचं तर उमगून घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

ऊन लागलं. पट्टी वाळली. मिक्सर घरघरला. फळीकडचे दाणे किंचित हलले, मधले जरा उठले, आणि शेवटच्या वितीवरचे असे नाचायला लागले की दोन उडून बानाबाईच्या मांडीवर येऊन पडले. सुकेशनीनं आईला मिठी मारली. सरूला काय झालं तेच कळेना. "नीट लागली का?" ती विचारत राहिली. "नीट लागली का गं?"

सोमवारी रिक्षात पट्टी सरूच्या मांडीवर होती, कारण तिच्याइतकी न हलता कुणाला बसता येत नव्हतं. बानाबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसली होती.

प्रयोगशाळेत सुकेशनीचे गाईड सुदर्शन सर घाम पुसत उभे होते. खळीच्या पट्टीचं ऐकून त्यांनी आधी डोळे मिटून घेतले होते. परीक्षक योगिनी मॅडम चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई होत्या. सुकेशनीनं पट्टीचं कडक टोक यंत्रात आवळलं, मऊ टोकाला चकती लावली, चकतीला तारा, तारांना तो मुगाच्या दाण्याएवढा दिवा. बटण दाबलं. यंत्र गुणगुणायला लागलं.

काही नाही.

सरूनं बानाबाईचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. बानाबाईनं तो सोडवून घेतला नाही, उलट घट्ट आवळला. सुकेशनीनं यंत्राचं चाक हळूच फिरवलं, गुणगुण जरा बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि दिवा लागला. लाल, टिचभर, पण असा स्थिर की विझायचं नावच घेईना. सुदर्शन सर लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले आणि मग एकदम ओशाळून हात खिशात घालून उभे राहिले. बानाबाई मोठ्यानं म्हणाली, "येळकोट येळकोट!" आणि परीक्षक बाईंनी चष्मा नीट केला.

त्यांनी पट्टीची मापं घेतली, दहा ठिकाणी घेतली, कागदावर टिंबं काढली आणि टिंबांतून रेघ ओढली. रेघ अशी सुरेख उतरत गेली की त्यांनी ती दोनदा पडताळून पाहिली.

"मशीनलाही असा उतार जमत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"माझ्या आईनं," सुकेशनीनं सरूला पुढं केलं.

"बाई, कसं जमतं तुम्हाला हे? मला लिहून घ्यायचंय."

सरू लाजून चूर झाली. "काई नाय मॅडम. खळ कमी असती. पहिल्या काठाला जोरात लावली तर शेवटाला पुरत नाय. म्हनून बघत बघत लावायची. शेवटापातूर कुठंच कोरडी राहू द्यायची नाय, थोडी का व्हईना, पोचवायची. सवय लागली."

"पण दरवेळी खळ कमीच का असायची?"

सरूनं एकवार बानाबाईकडं पाहिलं आणि नजर फरशीकडं वळवली. "असंच," ती म्हणाली.

"असंच कसं? कारण कळल्याशिवाय पद्धत पुरी होत नाही," मॅडमचं पेन थांबलेलंच होतं.

आणि काल गच्चीवर काय टोचलं ते बानाबाईला आता चांगलं कळलं. दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं ते. सरू सांगणार नाही हेही तिला दिसत होतं. तीस वर्षांत सांगितलं नाही ती आज चार परक्यांत काय सांगणार. बानाबाई गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी सांगते. पातेलं माझ्यापाशी असायचं. आधी मी माझी घोंगडी पुरी करायची, मनसोक्त. मंग तळाला उरंल ते हिच्याकडं सरकवायची. घोंगडी दोघींची सारखीच मोठी. अन् वाळल्यावर अंगठा फिरवून हिलाच बोलायची."

सरूनं पदर तोंडाला लावला होता.

योगिनी मॅडम जरा घुटमळल्या. मग शोधनिबंध वाचणाऱ्या माणसाच्या सवयीनं म्हणाल्या, "म्हणजे आजी, तसं बघितलं तर ही पद्धत मूळ तुमचीच म्हणायची."

"नाय," बानाबाई म्हणाली. "हात सरूचा, अन् कमी दिली ती मी. दोन्ही लिहा. अन् नाव तिचं वर लिहा."